गॉर्डनचं प्रारब्ध

1880 साली चार्ल्स गॉर्डन मुंबईत उतरला तो नवे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा खासगी सचिव म्हणून, आणि काही दिवसांतच राजीनामा देऊन मोकळा झाला. कारण असं सांगतात : कुणाच्या तरी मानपत्राला उत्तर द्यायचं होतं की साहेबांनी ते आस्थेनं वाचलं. साहेबांनी ते वाचलेलं नव्हतं, हे गॉर्डनला ठाऊक.

मी मंत्रालयातून स्वीय सहायक म्हणून निवृत्त झालो. ‘महोदयांनी आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ ही ओळ माझी बोटं झोपेतही टंकतील. त्यात काही खोटं आहे, हे मनाला तेव्हा शिवलं नाही, आजही शिवत नाही. म्हणूनच हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

तसा तो कागद खरडणाऱ्यांतला नव्हे. रॉयल इंजिनीअर्सचा अधिकारी, क्रिमियात लढलेला. चीनमध्ये तायपिंग बंडखोरांवर चालून जाताना हातात नुसती वेताची छडी. चिनी दरबारानं पिवळा अंगरखा दिला, सुवर्णपदक दिलं. पदकावरची अक्षरं खरवडून ते त्यानं मँचेस्टरच्या उपाशी गिरणी कामगारांसाठी नाव न सांगता पाठवून दिलं.

या निर्भयपणाचं मूळ एका श्रद्धेत होतं : घडतं ते सगळं देवानं आधीच ठरवलेलं. आपल्याकडे प्रारब्ध मानणाराही क्रियमाण स्वतःकडे ठेवतो. मागचं भोगायचं, पण आज काय करायचं ते आपल्या हातात. गॉर्डन दोन्ही देवाच्या खात्यावर टाकी. त्यानं गोळीची भीती गेली, हे खरं. भीतीबरोबर आणखीही काही जातं का, एवढंच मला विचारायचंय.

फेब्रुवारी 1884 मध्ये तो सुदानात खार्टूमला पोचला. तिथे महदी या धर्मनेत्याचा उठाव पेटला होता. तिथलं सैन्य नि माणसं बाहेर काढायची, हे काम. ज्यानं सुदानात गुलामांचा व्यापार मोडण्यात उमेदीची वर्षं घातली, त्यानंच आता गुलाम बाळगायला मुभा असल्याचं जाहीर केलं. गुलामांचा जुना व्यापारी झुबैर याच्या हाती कारभार द्या म्हणून ब्रिटिश सरकारचा पिच्छाही पुरवला. मुंबईत एक ओळ लिहवेना, आणि इथे हे! लोक वाचवायला केलं म्हणावं, तर तो माणसाचा हिशेब झाला. विधिलिखित कशाला मध्ये आणायचं?

समोर महदी. त्यालाही देवानंच नेमलेलं. त्यानं इस्लाम स्वीकार म्हणून दरवेशाचा ठिगळांचा जुब्बा धाडला, गॉर्डननं झिडकारला. शहर सोडून एकट्यानं निसटायलाही तो तयार नव्हता. इथे मी हात जोडतो.

26 जानेवारी 1885 च्या पहाटे महदीची फौज शहरात शिरली. गॉर्डन मारला गेला, हजारो रहिवासीही. मदतीच्या बोटी दोन दिवसांनी आल्या. इंग्लंडात सगळा दोष पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्या माथी मारला गेला. गॉर्डनच्याच हिशेबानं पाहिलं, तर तो त्यांनाही लावता येत नाही.