उघडी भिंत

आमच्याकडं भिंतीवरचं चित्र जपून ठेवायसाठी नसतंच. नागपंचमीला गंधानं नाग काढायचा, लग्नात दाराशेजारी पेंटरकडून कलश आणि नवरानवरीची नावं रंगवून घ्यायची. पुढं दिवाळीला चुन्याचा हात फिरला की सगळं पुसलं. कुणी हळहळत नाही. त्यामुळं भाचा मुंबईत भिंतींचे फोटो काढत हिंडतो, हे गावात सांगायची सोय नाही. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आईच म्हणते, "मान्सांचं काढ की. भिताडाला काय त्वांड हाय व्हय?"

पण मुंबईच्या भिंतींना तोंडं आहेत. वांद्र्याच्या गल्ल्यांत रणजित दहियांनी जुन्या सिनेमातली माणसं रंगवलीत. 1875 सालच्या ससून डॉकमध्ये 2017 साली कोळी माणसांचे मोठाले चेहरे भिंतींवर लागले, आणि मासळीच्या वासाला नाकं मुरडणारेसुद्धा बघायला गेले. असली चित्रं पावसानं, पोस्टरांनी, नव्या बांधकामानं जातात. मग फोटो काढून ठेवला तर बिघडलं काय? काहीच नाही. रस्त्याकडं तोंड करून काढलेलं चित्र रस्त्यानं बघावं म्हणूनच असतं.

माझं अडतं ते दुसऱ्याच भिंतींपाशी. गिरणगावात चाळ पाडताना अर्धी उभी राहते, आणि आतल्या खोल्या रस्त्यावर उघड्या पडतात. एक निळी, एक पोपटी. देवळीवर समईची काजळी, कॅलेंडरचा खिळा, मोरीच्या कडेला शेवाळं. भाचा म्हणतो, "मामा, हेच खरं चित्र." त्यातलं त्याला कळतं, आणि ते फोटो मीही पुन्हा पुन्हा बघतो. 1982 च्या संपानंतर गावाकडं परतलेले कितीतरी गडी असल्याच खोल्यांतून आले होते.

तरी ती देवळी काही रस्त्यासाठी नव्हती. दार नसलेल्या पडक्या घरातसुद्धा आपण खाकरून पाऊल टाकतो. तिथं दिवा लावणारी बाई कुठल्याशा ट्रान्झिट कॅम्पात असेल; तिला विचारायचं की नाही? भाचा म्हणतो, तोवर पोकलेन थांबत नाही. तेही खरंच. फोटो नसला तर त्या खोलीचा मागमूसही राहत नाही. मी म्हटलं, काढ बाबा. पण चारचौघांत लावायच्या आधी त्या चाळीतलं एक तरी माणूस शोध, त्याला दाखव.

तो चिडला. मग गेला. कॅम्पातल्या म्हातारीनं फोटो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाली, "निळी आमची न्हवं. आमची शेजारची, पोपटी." आणि एक प्रत मागून घेतली.