थॉमसचे आठ दिवस



आज पुनरुत्थानकाळाचा दुसरा रविवार. उपासनेचे वर्ष अ असो, ब असो की क, आजच्या दिवशी शुभवर्तमान ठरलेले असते ते संत थॉमसचे. दरवर्षी तेच वाचन आणि समोर तेच लोक, त्यामुळे या रविवारचे प्रवचन तयार करताना आम्हा धर्मगुरूंची थोडी पंचाईत होते. यंदा ती झाली नाही. प्रायश्चित्तकाळात आपल्याच धर्मग्रामातील एका विद्यार्थ्याची वही आमच्या हाती आली आणि तेव्हापासून थॉमस आमच्या डोक्यातून गेलेला नाही.

युवकांच्या एकदिवसीय शिबिरात सर्वांना एक-एक पान लिहायला सांगितले होते. विषय होता ‘माझा विश्वासाचा प्रवास’. बहुतेकांनी लिहिले ते आम्हाला आधीच पाठ होते: आजीने शिकवलेली जपमाळ, पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, परीक्षेच्या वेळी ऐकली गेलेली प्रार्थना. त्यात खोटे काही नाही, पण तीस वह्या वाचल्यावर एकच वही वाचल्यासारखे वाटते. हा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने पान नव्हे, पाच पाने लिहिली. ही गोष्ट पापनिवेदनात कळलेली नाही हे आधीच सांगतो. वही त्याने स्वतः दिली आणि नाव न घालता लिहायला परवानगीही दिली.

त्याने लिहिलेल्याचा आशय असा. संध्याकाळी दादरला विरार गाडीत आपण चढत नाही, गर्दी आपल्याला चढवते. पाय जमिनीला लागोत न लागोत, आपण डब्यात असतो. माझा विश्वास तसाच आहे. मी तान्हा असताना मला स्नानसंस्कार दिला, मग धर्मशिक्षणाच्या वर्गात बसवले, मग वेदीसेवक केले. मी चढलो कधी, ते मला आठवत नाही. गाडी नीट चालली होती तोवर हा प्रश्नही पडला नाही. मग बारावीपासूनचा माझा मित्र महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्याच्या दफनविधीनंतरच्या रविवारी विश्वासांगीकार म्हणताना मृतांच्या पुनरुत्थानाची ओळ आली आणि माझा आवाज थांबला. तेव्हापासून ती ओळ आली की मी गप्प उभा राहतो. बाकी सगळे म्हणतो. आईला वाईट वाटू नये म्हणून मिस्साला येतो. फादर, हे ढोंग नाही का? ज्यावर विश्वास उरला आहे की नाही ते ठाऊक नाही, त्याच्यासाठी दर रविवारी तास घालवणे हा खोटेपणा नाही का? मग घरी राहणे जास्त प्रामाणिक नाही का?

हा प्रश्न केवळ विश्वासाचा नाही, नीतीचाही आहे. हा मुलगा देव आहे की नाही हे विचारत नाही. मी खरे वागतो आहे की नाही, हे त्याला जाणून घ्यायचे आहे. ‘प्रार्थना करत राहा, सगळे ठीक होईल’ असे म्हणून त्याला वाटेला लावणे सोपे होते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना आम्हालाही तेच सांगितले गेले होते. त्या काळात पहाटेच्या प्रार्थनेत आमचे ओठ हलत होते आणि मन कोरडे होते. त्या उत्तराने कोरडेपणा गेला नाही, आपण विचारायला नको होते एवढेच मनात राहिले.

तेव्हा आधी ‘ढोंग’ या शब्दाकडे पाहू. शुभवर्तमानात प्रभू येशू ज्यांना ढोंगी म्हणतो, त्यांच्यासाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘हिपोक्रितेस’. त्या भाषेत तो नटाला लावला जाई. मुखवटा चढवायचा, दुसऱ्याचे संवाद म्हणायचे आणि टाळ्या घ्यायच्या. ढोंग्याला प्रेक्षक लागतो. चारचौघांत ओळ मोठ्याने म्हणणे सोपे असताना गप्प उभा राहणारा मुलगा नट कसा? ती ओळ त्याने मनात नसताना इतरांबरोबर म्हटली असती, तर कोणाला कळलेही नसते. खोटे शब्द तोंडातून काढायचे नाहीत म्हणून तो थांबला. त्या पाच पानांतले सर्वांत प्रामाणिक वाक्य कदाचित त्याच्या त्या गप्प राहण्यात आहे.

शंका आणि नकार या दोन गोष्टी आपण फार सहज एकत्र करतो. ख्रिस्तसभेच्या १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २०८८) जाणूनबुजून धरलेली शंका आणि मनात येऊन ठाकलेली शंका यांत स्पष्ट फरक केला आहे. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की विश्वास ठेवणाऱ्याची बुद्धी संमती देते, पण तिचे विचार करणे थांबत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीपाशी बुद्धी विसावते, विश्वासाने स्वीकारलेल्या गोष्टीपाशी तशी विसावत नाही. म्हणजे ही चुळबुळ विश्वासाच्या स्वभावातच आहे. मदर तेरेसांची पत्रे २००७मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा इतकी वर्षे त्यांनी केवढा अंधार सोसला हे वाचून अनेकांना धक्का बसला. ख्रिस्तसभेला बसला नाही, २०१६मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. आणि प्रश्न विचारल्याने देवळाचा मान जातो असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढे आठवावे की फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६च्या ख्रिस्तपुराणाची सुरुवातच एका नवख्रिस्ती माणसाने पाद्रीला केलेल्या विचारणेने होते.

आता आजच्या वाचनाकडे वळू. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी थॉमस तिथे नव्हता. इतरांनी त्याला सांगितले, त्याने मानले नाही, खिळ्यांच्या खुणांची अट घातली. एवढे आपल्या सर्वांना पाठ आहे आणि म्हणून बिचाऱ्याच्या नावामागे ‘शंकेखोर’ हे विशेषण दोन हजार वर्षे चिकटून आहे. पण पुढचे वाक्य आपण घाईने वाचून टाकतो. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थॉमस त्यांच्याबरोबर होता (योहान २०:२६).

तो त्यांच्याबरोबर का होता? विश्वास नव्हता तर त्याने निघून जायला हवे होते. मधल्या आठ दिवसांबद्दल योहान एक शब्दही लिहीत नाही. आपण मात्र ते डोळ्यांपुढे आणू शकतो. दहा माणसे आनंदाने भारलेली आणि अकरावा त्यांच्याच पंगतीला बसलेला, मनात अंधार घेऊन. मलाही पटले असे म्हणून त्याने त्यांचे मन राखले नाही. जे वाटत होते ते तोंडावर सांगितले आणि तिथेच राहिला. इकडे दहा जणांनीही, आधी मान आणि मग आमच्यात बस, असे म्हटलेले दिसत नाही. दारे बंद होती, पण ती बाहेरच्यांच्या भीतीने. थॉमसला आतच जागा होती. त्या आठ दिवसांतला थॉमस ढोंगी होता असे कोण म्हणेल?

हे सगळे आम्ही त्या मुलाला सांगितले, आणि त्याच्या जोडीला आम्हाला प्रिय असलेली आणखी एक गोष्ट सांगितली. इ. स. ३२५मध्ये निकाया येथे बिशप जमले आणि त्यांनी विश्वासांगीकार लिहिला. त्याची १७०० वर्षे पूर्ण झाली म्हणून पोप लिओ चौदावे नोव्हेंबर २०२५मध्ये त्या जागी, आजच्या तुर्कस्तानातील इझनिकला, जाऊन आले. त्या मूळ ग्रीक पाठाचे पहिले क्रियापद अनेकवचनी आहे: आम्ही विश्वास ठेवतो. मृतांच्या पुनरुत्थानाची ओळ कॉन्स्टँटिनोपलच्या ३८१च्या परिषदेच्या पाठात आहे आणि तिथेही ‘आम्ही’च आहे. मिस्सामध्ये आपण ‘मी’ म्हणतो, तेही योग्यच. पण ज्या रविवारी तुझा ‘मी’ अडतो, त्या रविवारी ती ओळ देवळात म्हटली जायची थांबत नाही. तुझ्या उजवीकडचा म्हणतो, डावीकडची म्हणते. तू तान्हा होतास तेव्हा तुझे आईवडील आणि धर्ममातापिता यांनी असेच म्हटले होते.

यावर तो शांतपणे म्हणाला, “फादर, तुमचे हे ‘आम्ही’ म्हणजे पुन्हा दादरची गर्दीच ना?”

आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. पदवी तत्त्वज्ञानाची असली तरी काही वाक्यांपुढे माणूस नुसता बसून राहतो.

त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही यावर विचार केला. गर्दी आणि सोबत यांत फरक काय? गर्दी ढकलते. तिला आपले नाव माहीत नसते, आपण मध्येच उतरलो तरी तिला कळत नाही. सोबत्यांना कळते. त्या संध्याकाळी थॉमस नाही हे दहा जणांच्या लक्षात होते, म्हणून तर त्याला सांगायला गेले. याच आठवड्यात बुधवारी आपण अम्माऊसचे शुभवर्तमान ऐकले. दोन शिष्य आशा सोडून यरुशलेमपासून दूर चालले होते, म्हणजे उलट्या दिशेने. प्रभूने त्यांना वाटेत उभे करून मागे फिरवले नाही. तो त्यांच्याच दिशेने, त्यांच्याच पावलांनी, सुमारे अकरा किलोमीटर चालला, आणि बोलण्याआधी त्याने विचारले की तुम्ही कशाबद्दल बोलत आहात. गर्दी हे विचारत नाही.

या मोजपट्टीने आपण कोण आहोत? त्या मुलाच्या मित्राचा दफनविधी आम्हीच केला होता. पुनरुत्थानावर प्रवचन केले, ते चांगले झाले असे काही जण म्हणालेही. दुपारी आम्ही दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या तयारीला लागलो. कबरीजवळ बराच वेळ उभा राहिलेला एक तरुण आम्ही पाहिला होता. त्याच्याकडे आम्ही गेलो नाही. पुढे काही रविवार तो आला नाही, तेव्हा त्याला भेटलेल्यांनी विचारले, “काय रे, हल्ली मिस्साला दिसत नाहीस?” हा प्रश्न आम्हीही अनेकांना असाच विचारला आहे. त्यात चौकशी कमी आणि हजेरी जास्त असते. मित्र गेल्यापासून तुला झोप लागते का, हे कोणीच विचारले नाही. तेव्हा त्याला गर्दी दिसली यात त्याची चूक किती आणि आपली किती, हे आम्ही उघडपणे इथे लिहितो, कारण चूक आमच्यापासून सुरू होते.

एक गोष्ट मात्र आम्ही त्याच्यापासून लपवली नाही, इथेही लपवत नाही. दुसऱ्यांच्या ‘आम्ही’वर कायमचे टेकून राहता येत नाही. थॉमसने शेवटी जे म्हटले ते एकवचनात म्हटले. त्या चार-पाच शब्दांत ‘माझा’ दोनदा येतो. ते त्याच्या वतीने पेत्राला किंवा योहानाला म्हणता आले नसते. तो दिवस कधी यावा हे कोणी ठरवू शकत नाही. थॉमसला आठ दिवस लागले, कोणाला आठ वर्षे लागतील. येणारच अशी हमी आम्ही कोणत्या तोंडाने द्यावी? पण तो बंद घरात आला, आणि थॉमस त्या वेळी घरात होता, एवढे शुभवर्तमानात लिहिलेले आहे. तो आठवा दिवसही रविवारच होता.

“मग मी ती ओळ म्हणू की नको?” त्याने निघताना विचारले. आम्ही म्हणालो, “म्हणवत नसेल तर म्हणू नकोस. फक्त उभा राहा. आणि तुझा मित्र ज्या दिवशी गेला त्या तारखेला त्याच्यासाठी मिस्सा आहे, त्याच्या आईवडिलांबरोबर पुढच्या बाकावर बस.” त्यावर तो काही बोलला नाही. वही मात्र आमच्याकडेच ठेवून गेला. तिच्यात अजून बरीच पाने कोरी आहेत.

दर शुक्रवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर आम्ही धर्मगुरूनिवासाच्या ओटीवर बसलेले असू. ज्या विद्यार्थ्यांना, किंवा त्यांच्या आईवडिलांना, विश्वासांगीकारातली कोणतीही ओळ अडते, त्यांनी यावे. वही आणायची गरज नाही. चहा मिळेल. मित्राच्या स्मरणाचा मिस्सा येत्या महिन्याच्या सूचनांमध्ये दिलेला आहे. त्याच्या वाडीतील लोकांनी आणि कॉलेजच्या सोबत्यांनी वेळ पाहून ठेवावी.