खळगा

भाऊजी हिशोबाला पक्के. त्या रात्री अमेरिकेतल्या एडिसन गावच्या घरी जेवणाच्या टेबलावर त्यांनी लेकीची ग्रेडशीट पालथी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला गणित मांडलं. चार वर्षांची १२० क्रेडिट, सरासरी २.७, म्हणजे ३२४ गुण. आता आणखी ३० क्रेडिटचे विषय घेतले आणि झाडून सगळ्यांत ए मिळवला, तर ४४४ भागिले १५०. उत्तर आलं २.९६. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सगळीकडे पैकीच्या पैकी, आणि तरी तीनला पोचत नाही गं पोरी."

अमेरिकेत चारपैकी २.७ म्हणजे नापास नव्हे. पण माझ्या भाचीला दातांची डॉक्टर व्हायचं होतं, आणि तिथल्या बहुतेक डेंटल स्कूलमध्ये आत जाणाऱ्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते. पदवी हातात पडताच तिने ११ ठिकाणी अर्ज केला होता. मुलाखतीला एकानेही बोलावलं नाही, म्हणून तर ही ग्रेडशीट बाहेर आली. भाऊजींना आकड्यापेक्षा जास्त लागलं ते वेगळंच. पहिला डी पडला होता दुसऱ्या वर्षी, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत, आणि घरात कळलं ते पदवीनंतर. तिथे कॉलेजातल्या मुलांचे मार्क घरी येत नाहीत. १९७४ सालच्या कायद्यामुळे मुलाच्या संमतीशिवाय विद्यापीठ ते सहसा सांगतही नाही. दर सुट्टीत ताई विचारायची, "कसं चाललंय गं?" आणि ही म्हणायची, "ठीक."

तिला वाटायचं, विषय पुन्हा दिला की जुना डी पुसला जाईल. तिच्या विद्यापीठात तसा नियम होताही. पण बहुतेक डेंटल स्कूलचे अर्ज एएडीएसएएस या मध्यवर्ती सेवेतून जातात, आणि ती सेवा पहिली ग्रेडही मोजते आणि दुसरीही.

मग तिने ओक ट्री रोडजवळच्या एका दवाखान्यात असिस्टंटची नोकरी धरली. दवाखाना एका मराठी बाईंचा. त्या नागपूरच्या बीडीएस. पण ती पदवी घेऊन अमेरिकेत बहुतेकांना थेट दवाखाना थाटता येत नाही. त्यांनीही चार वर्षं दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभं राहून सक्शन धरला, नॅशनल बोर्डाची परीक्षा दिली आणि मग परदेशी दंतवैद्यांसाठीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. भाची त्यांना काकू म्हणायची. दिवसा ट्रे लावणं, एक्स-रे, मापं. संध्याकाळी कॉलेजात बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, फिजिऑलॉजी, आणि तीच ऑरगॅनिक पुन्हा. दोन वर्षांत ३० क्रेडिट, सगळीकडे ए. प्रवेश परीक्षा, म्हणजे डीएटी, तिने दुसऱ्यांदा दिली. त्यात घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलं तर उलगडल्यावर भोकं कुठे दिसतील, असे प्रश्न असतात. ते तिला पहिल्यापासून यायचे; या वेळी बाकीचंही जमलं.

राहिला तो अर्जातला निबंध. आपण दंतवैद्य का व्हायचं, हे तिथे ४,५०० अक्षरांत लिहावं लागतं, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं धरून. तिने मला मसुदा पाठवला. सफाईदार होता. त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या वर्षी आजी गेली, त्या धक्क्याने अभ्यास कोसळला.

तिची आजी म्हणजे माझी आई. आई सांगलीला वारली ती जुलैमध्ये. डी पडला होता त्याच्या आधीच्या डिसेंबरात.

मी तिला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. पण आईचं असं नाव घेतलेलं वाचून माझ्या घशाशीच काहीतरी दाटलं, आणि मसुदा तसाच पडून राहिला.

त्याच आठवड्यात दवाखान्यात एका पेशंटच्या कॅपचं काम होतं. सिलिकॉनचं माप घेतलेलं, त्यात डेंटल स्टोन ओतून मॉडेल काढायचं. हे काम भाचीचं. स्टोन कालवून माप व्हायब्रेटरवर धरायचं, एका कोपऱ्यातून थोडं थोडं ओतत जायचं, म्हणजे हवा वर येऊन फुटते. घाई झाली की बुडबुडा आत अडकतो. त्या दिवशी अडकला. मॉडेल सुटलं तेव्हा दाढेच्या कडेला, नेमकी कॅप जिथे टेकते त्या रेघेवर, साबुदाण्याएवढा खळगा होता. पुन्हा ओतायचं म्हणजे आणखी पाऊण तास, आणि साडेसहाला कॉलेजचा वर्ग. तिने खळग्यात मेण भरलं, कोरणीने वरून सारखं केलं आणि मॉडेल डब्यात ठेवलं.

काकूंनी लॅबला पाठवण्याआधी ते उचललं आणि दाढेच्या कडेवरून प्रोबचं टोक हळूहळू फिरवलं. एका जागी टोक किंचित रुतलं.

"छान भरलंयस," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "लॅबवाल्यालाही कळणार नाही. कॅप येईल, चकचकीत येईल. आणि त्या बाईंच्या तोंडात बसणार नाही. कारण इथे दात कसा आहे हे तुला माहीत नव्हतं, तू अंदाजाने भरलंस. अगं, बुडबुडा माझ्याही हातून होतो. बुडबुड्याचं काही नाही."

तिने पुन्हा ओतलं. वर्ग बुडाला. रात्री साडेनऊला मला फोन आला.

"मावशी, तू तो मसुदा वाचलास ना?"

"वाचला."

"मग बोलली का नाहीस?"

मला उत्तर देता येईना. बराच वेळ दोघी गप्प होतो. मग तीच म्हणाली, "आजीचं वाक्य मी काढलं."

नव्या निबंधात आजी होती, पण वेगळी: कवळी पेल्यात ठेवून नातवंडांना हसवणारी. आणि डीबद्दल तीन सरळ वाक्यं होती: विषय कळत नव्हता, कुणाला विचारलं नाही, घरी सांगितलं नाही. त्यापुढे दोन वर्षांचं काम. सरासरी तीच, भाऊजींनी काढलेली २.९६. या वेळी दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न ऑरगॅनिकचा होता. तिने तीच तीन वाक्यं सांगितली. त्या शाळेने डिसेंबरात होकार कळवला. दुसरीने प्रतीक्षायादीत ठेवलं.

गेल्या महिन्यात मी ताईकडे होते. संध्याकाळी भाचीचा फोन आला, भाऊजींनी स्पीकर लावला. मागे कुठेतरी यंत्रं घरघरत होती.

"बाबा, मेणाची दाढ कोरायची परीक्षा होती. मला ७२ मिळाले. वर्गाची सरासरी ८२ आहे."

भाऊजींनी सवयीने पेन उचललं होतं. "कधी कळलं?"

"आत्ताच. अजून लॅबमध्येच आहे. चघळायच्या बाजूचे खळगे चुकलेत, उद्या आठ वाजता सर दाखवणार आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"जेवलीस का?"