करणी, भगत आणि आपली श्रद्धा



मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातील केरवेळे गावात पंचाहत्तर वर्षांच्या एका वृद्धाला घरातून ओढून नेऊन पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावले. हा जादूटोणा करतो, असा लोकांना संशय होता. म्हातारा भाजला. त्या प्रकाराचे चित्रण मोबाईलवर सगळीकडे फिरले, पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. हे गाव आपल्यापासून दूर नाही. आणि निखाऱ्यांभोवती उभे होते ते कोणी राक्षस नव्हते, मुलाबाळांची माणसे होती.

आम्ही घरभेटीला येतो तेव्हा चहा झाल्यावर हळूच विचारले जाते, "फादर, भूत खरेच असते का?" सैतान नाहीच, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने शिकवले, की देवाने त्यालाही मुळात चांगलेच निर्माण केले होते. तो स्वतःच्या इच्छेने वाईट झाला. म्हणजे तो देवाचा जोडीदार नव्हे, की बरोबरीचा शत्रूही नव्हे. संत ऑगस्टीन तर सांगतात, की वाईटाला स्वतःचे असे अस्तित्वच नसते; चांगल्याची उणीव, तेच वाईट.

सेमिनरीत हे आम्ही पुस्तकातून शिकलो. इथे भगताचा धंदा पाहून ते नीट उमगले. ताप उतरत नाही, म्हैस आटली, सुनेला मूल नाही, म्हणजे घरात काहीतरी उणे आहे. त्या रिकाम्या जागेत भगत एक नाव बसवतो. ते नाव सहसा गावच्या पुढाऱ्याचे नसते. एकटी राहणारी विधवा, निपुत्रिक चुलती, नाहीतर ज्याच्याशी बांधाचे भांडण चालू आहे तो भाऊ. एकदा नाव निघाले, की भूत बाजूला राहते आणि माणूस हाती सापडतो.

आपल्यातही गळ्यात क्रूस आणि दंडात गंडा बांधणारे आहेत. रविवारी मिस्सा, अमावास्येला उतारा. काही जण भगत सोडून प्रार्थना करणाऱ्या कोणाकडे जातात, पण विचारतात तेच: करणी कोणी केली? डोक्यावर हात ठेवून कोणी शेजारणीचे नाव सांगू लागला, तर तो येशूचे नाव घेत असला तरी भगतच समजावा.

तरुणांना वेगळे सांगायचे आहे. मंत्र, सिद्धी, आत्म्यांना बोलावणे, हे सगळे आता मोबाईलवर फुकट मिळते आणि मित्रांत गंमत म्हणून सुरू होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये शहापूर तालुक्यात खर्डी परिसरातील जंगलात तिघांचे मृतदेह सापडले, तेव्हा पोलिसांना अंधश्रद्धेच्या अंगाने तपास करावा लागला. घरच्यांनी त्यानंतर काय सोसले असेल, याचा विचार करा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ वाचा. इफिस शहरात स्किवाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भूत काढायला गेले आणि मार खाऊन उघडेनागडे पळाले. ते ऐकून तिथल्या लोकांनी आपली जादूची पुस्तके जाळून टाकली. त्यांची किंमत पन्नास हजार चांदीची नाणी भरली. विकून पैसे करता आले असते, पण ती दुसऱ्याच्या घरात जाऊ नयेत, एवढे त्यांना कळले.

आमच्या धर्मगुरूंनाही हा धडा महागात पडला आहे. जर्मनीत आनेलिझे मिखेल ही २३ वर्षांची तरुणी १९७६ मध्ये उपासमारीने मेली. तिला फेफऱ्याचा आजार होता. बिशपांच्या परवानगीने सुमारे दहा महिने तिच्यावर भूत काढण्याचे विधी चालले आणि शेवटी डॉक्टरला बोलावलेच नाही. १९७८ मध्ये दोन धर्मगुरू व तिचे आईवडील न्यायालयात दोषी ठरले. बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला हा विधी करता येत नाही, आणि त्याआधी आजार नाही याची खात्री करावी लागते. ख्रिस्तसभेने १९९९ मध्ये सुधारलेल्या विधीतही हे बजावले आहे. तेव्हा "फादर, तुम्हीच काढा" म्हणून आमच्याकडे येऊ नका. आधी दवाखान्यात जा, आम्ही बरोबर येऊ.

डॉ. नरेंद्र दाभोलकर देव मानत नव्हते. त्या बाबतीत त्यांचे आणि आमचे पटले नसते. पण त्यांनी अनेक वर्षे मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर झाला, तो आपल्या घराघरांत माहीत असावा. एखाद्याला चेटूक करणारा ठरवून छळणे, भूत काढतो म्हणून मारहाण करणे, साप चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र घालणे, यांसाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे.

आता पावसाचे सांगतो. भात लावणीच्या दिवसांत रात्री कोणाला साप चावला, तर भगताच्या दारी वेळ घालवू नका. आम्हांला उठवा. गाडी काढू, रुग्णालय गाठू. जपमाळ वाटेत म्हणू.

आपले धर्मगुरू