हिरव्यातून सोनेरीकडे

आज एकच पान रंगवू या. आपट्याचं. दसऱ्याला कुणाच्या तरी हातात द्यायच्या कार्डावर ते एकटंच असेल. मागे डोंगर नको, कोपऱ्यात तोरण नको, चमकी नको. रंगीत पेन्सिलींनी एका रंगातून दुसऱ्या रंगात सावकाश जाणं, म्हणजे ज्याला सगळे ब्लेंडिंग म्हणतात ते, शिकायला हे पान फार चांगलं. आकार सोपा आहे: दोन गोलसर पाळ्या, मध्ये खाच, आणि देठापासून फाकत गेलेल्या शिरा. या झाडाच्या वंशाला वनस्पतिशास्त्रात बाउहिनिया म्हणतात. योहान आणि गास्पार बाउहिन या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून, एका देठावरच्या या जोडपाळ्या पाहून, ते नाव पडलं. एकाने दुसऱ्याला द्यायच्या वस्तूवर असं पान असावं, हे मला फार आवडतं.

घाई नसेल अशी वेळ निवडा. खिडकीचा उजेड डावीकडून येईल असं बसा, म्हणजे तुमच्याच हाताची सावली कागदावर पडणार नाही. (डावखुरे असाल तर उजवीकडून.) पेटी उघडून ठेवा, पण तिच्यातून अजून काही काढू नका.

आधी कागद. डोळे मिटा आणि बोटाचं टोक कागदावरून अगदी हलकं फिरवा. गुळगुळीत आयव्हरी कार्ड असेल तर बोट अडत नाही, सरळ घसरतं. कार्ट्रिज पेपर असेल तर बारीक खरखर लागते. हातकागद असेल तर ती खरखर आणखी मोठी, अनियमित. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला तसा कागद बोटाखाली धरून पाहा, त्यातले उंचवटे कळतील. ही खरखरच आपलं भांडवल आहे. कागदाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म टेकड्या आणि दऱ्या असतात. पेन्सिल त्यांवरून जाते तेव्हा टेकड्यांच्या माथ्यावर रंग घासून बसतो आणि दऱ्या पांढऱ्याच राहतात. अगदी गुळगुळीत कागदावर टेकड्याच नाहीत, म्हणून तिथे रंगाचे दोन-तीन थर बसतात आणि चौथा घसरायला लागतो. कार्डासाठी २०० ते ३०० जीएसएमचा, किंचित खरखरीत कागद घ्या. मध्ये घडी घातली तरी तो उभा राहतो. पावसाळाभर कपाटात पडलेला कागद दमट असतो आणि पेन्सिलीच्या टोकाने त्याला लगेच खळी पडते, तेव्हा तो थोडा वेळ पंख्याखाली मोकळा ठेवा.

आता एक पेन्सिल उचला. पिवळी, लिंबाच्या सालीच्या रंगाची. फक्त हातात धरा.

तिच्या लाकडाच्या आत जे आहे ते काय आहे? साध्या पेन्सिलीत ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र भट्टीत भाजलेली असते. हिच्यात ग्राफाइट नाही आणि भट्टीही नाही. रंगद्रव्याची पूड, तिला धरून ठेवणारं मेण किंवा तेल, आणि भर म्हणून पांढरी माती किंवा शंखजिऱ्यासारखं काहीतरी. चित्रकारांसाठीच्या पेन्सिलींमध्ये रंगद्रव्य जास्त असतं. फाबर-कास्टेलची पॉलिक्रोमोस ही तेलाची पेन्सिल १९०८ पासून निघते आहे. शाळेच्या पेटीतल्या पेन्सिलींमध्ये भर जास्त आणि रंगद्रव्य कमी असतं. तेवढ्यासाठी महागडी पेटी आणायला धावू नका. शाळेच्या पेन्सिलीने जास्त थर द्यावे लागतात, एवढाच फरक पहिल्या पानापुरता आहे, आणि जास्त थर देणं हेच तर शिकायचं आहे.

पेन्सिल टोकापाशी धरू नका. बोटं मागे न्या, लाकडाच्या मध्यापर्यंत, थोडी आणखी मागे. असं धरलं की जोर लावायचा म्हटला तरी लागत नाही. पेन्सिलीला तिच्या स्वतःच्या वजनाने कागदावर टेकू द्या. खांदा खाली सोडा. जबडा आवळलेला असेल तर तोही सोडा. खांद्यातला ताण मनगटात उतरतो आणि मनगटातला कागदावर दिसतो.

पानाचा आकार साध्या पेन्सिलीने इतका फिका काढा की तुम्हालाच जेमतेम दिसेल. ग्राफाइटची गडद रेघ पिवळ्याखाली गेली की पिवळा मळतो. मग देठाकडून पाळीच्या कडेपर्यंत, शिरांच्या दिशेने, पिवळा फिरवा. श्वास सोडताना हात बाहेर जाऊ द्या, घेताना परत आणा. पूर्ण पानभर एक थर द्या आणि थांबा.

जवळून पाहा. पिवळ्यामध्ये पांढरे ठिपके दिसतील. ते झाकायचा मोह होईल. आपल्यापैकी अनेकजण शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेले आहेत. कडेपर्यंत सपाट, एकसारखा रंग भरायचा आणि कुठेही पांढरं सुटू द्यायचं नाही, ही शिस्त हातात मुरलेली असते. जलरंगात ती शिस्त उपयोगी पडते. इथे तिला थोडा वेळ बाजूला बसवा. ते पांढरे ठिपके म्हणजे पुढच्या रंगांसाठी राखलेल्या जागा आहेत.

इथे जरा रेंगाळू, कारण सगळं ब्लेंडिंग या एका गोष्टीवर उभं आहे. ओले रंग ताटलीत कालवता येतात. पेन्सिलीचे रंग कोरडे. ते कागदावर एकमेकांत विरघळत नाहीत. तरी पिवळ्यावर निळा फिरवला की हिरवा दिसतो. ते घडतं दोन वाटांनी. पहिली अशी की मेणाचा पातळ थर थोडाफार पारदर्शक असतो. उजेड वरच्या रंगातून आत शिरतो, खालच्या रंगातून जातो, कागदाच्या पांढऱ्यावर आपटतो आणि त्याच वाटेने परत येतो. जाता-येता प्रत्येक थर त्यातला काही भाग शोषून घेतो, आणि उरलेला उजेड म्हणजे तुम्हाला दिसणारा रंग. दुसरी वाट टेकड्या-दऱ्यांची: एका रंगाचे कण माथ्यावर, दुसऱ्याचे दरीत, इतके जवळजवळ की हातभर अंतरावरून डोळा त्यांना वेगळं काढू शकत नाही, तोच त्यांना एक करतो. म्हणजे मिसळण्याचं निम्मं काम पाहणाऱ्याच्या डोळ्यात होतं. तुम्ही कार्ड ज्याला द्याल, तो ते हातात धरून पाहील तेव्हा तुमचा हिरवा त्याच्या डोळ्यात पुरा होईल.

जोर लावला की काय होतं तेही यावरून कळतं. टेकड्या चेपल्या जातात, दऱ्या मेणाने भरतात, उजेडाला आत जायला आणि परत यायला वाट राहत नाही. रंग गडद होतो खरा, पण त्यातली आतून येणारी चमक जाते. आणि कागद बंद होतो; त्यानंतर त्याच्यावर काही बसत नाही.

हिरवा घ्या. बेताचा हिरवा, फार गडद नको. टोक करून घ्या. अणकुचीदार टोक दरीत पोहोचतं, बोथट टोक माथ्यावरच फिरतं. आपट्याचं पान देठापाशी आणि शिरांलगत जास्त हिरवं ठेवू आणि कडेकडे पिवळं सोडू. देठापासून सुरुवात करा. जिथे हिरवा संपवायचा आहे तिथे एकदम थांबू नका. त्याच्या बरंच आधीपासून हात उचलायला लागा, म्हणजे हिरवा कुठे संपला हे बोट ठेवून दाखवता येऊ नये. आता पुन्हा पिवळा घ्या आणि त्याच जागेवरून, या वेळी लहान लहान लंबगोल फिरवत, हिरव्यात थोडं आत शिरून बाहेर या. मग परत हिरवा. मग परत पिवळा. दर थराला हाताची दिशा थोडी बदला. दोन रंगांच्या सीमेवर हे जाणं-येणं जितक्या वेळा होईल तितकी सीमा पुसट होत जाईल.

मधल्या कुठल्यातरी थराला पान कुरूप दिसेल. ठिपकेदार, धुरकट, धड हिरवं नाही की पिवळं नाही. हे प्रत्येक चित्रात येतं, अनुभवी हाताच्या चित्रातही. बहुतेक पानं इथेच बिघडतात, कारण माणूस अधीर होऊन पेन्सिल दाबतो. तेव्हा आत्ता पेन्सिल खाली ठेवा. कार्ड हातभर लांब धरा, डोळे किंचित बारीक करून पाहा. कुठे अजून एक थर हवा आहे तेवढंच शोधा, काय चुकलं ते शोधू नका. मधल्या वेळात कागदावरचे मेणाचे कण मऊ ब्रशने झटका. तळहाताने पुसले तर त्यांचे फराटे उठतात. हाताखाली एक कोरा कागद घ्या.

सावलीसाठी काळा काढू नका. काळा हिरव्यावर पडला की पान मरगळतं. लाल घ्या, विटकरी असेल तर उत्तम. दोन पाळ्यांच्या मधल्या घडीत, देठाच्या बेचक्यात, एका शिरेच्या एकाच बाजूला, अगदी पुसट. हिरवा आणि लाल एकमेकांचा उजेड शोषून घेतात आणि त्यातून एक जिवंत, उबदार काळोख तयार होतो. त्यावर पुन्हा हिरव्याचा एक थर द्या, म्हणजे लाल ओळखू येणार नाही आणि तरी त्याचं काम चालू राहील.

आणि सोनं? पेटीतली सोनेरी पेन्सिल मोहात पाडते, पण ती कागदावर करडी आणि निर्जीव दिसते असं माझं मत आहे. सोनं आपण शेजारामुळे दाखवू. पाळीच्या कडेला मातकट पिवळा, त्याच्या आत थोडा नारिंगी, अगदी काठावर तपकिरीची बारीक रेघ, आणि या सगळ्याच्या मधोमध एक छोटा पट्टा पहिल्याच पिवळ्या थरावर तसाच सोडलेला. त्या पट्ट्याला हात लावू नका. आजूबाजूचं जसजसं गडद होत जाईल तसतसा तो आपोआप उजळेल. या कार्डातलं सगळ्यांत कठीण काम हेच, न रंगवणं.

खऱ्या पानाबद्दल एक गोष्ट मनात येते ती सांगून टाकते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात आपट्याच्या फांद्यांचे भारेच्या भारे येतात, आणि त्यांत पुष्कळदा मोठ्या पानांचा कांचनही असतो. संध्याकाळी ती सगळी पानं रस्त्यावर तुडवली गेलेली असतात. रंगवलेलं एक पान दिलं तर झाडावरचं एक पान राहील, एवढाही हिशोब मला पुरेसा वाटतो. शिवाय हाताने रंगवणं शुभेच्छापत्रांच्या मुळाशीच आहे: लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी जॉन हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेऊन नाताळचं जे पहिलं छापील कार्ड काढलं, त्याची रेषा दगडावरून छापलेली होती आणि रंग हाताने भरलेले होते.

आता शेवटचा निर्णय. थर पुरे झाले की काहीजण पांढऱ्या किंवा बिनरंगी ब्लेंडर पेन्सिलीने सगळं जोरात घासून चकाकी आणतात. काहीजण इअरबडला बेबी ऑइलचा थेंब लावून फिरवतात. तेल मेण सैल करतं आणि रंग दऱ्यांत उतरतात. दोन्ही रीती खऱ्या आहेत आणि फळाच्या, काचेच्या चित्रात सुंदर दिसतात. तेल वापरणार असाल तर आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर पाहा, कारण पातळ कागदात ते मागच्या बाजूला उतरतं आणि कार्डाच्या आतल्या पानावर डाग येतो. मात्र आपट्याचं पान मुळात जाडसर, चामड्यासारखं, बिनचकाकीचं असतं. मी ते घासणार नाही. थोडी खरखर, थोडे पांढरे ठिपके राहू देईन.

कार्ड लगेच पाठवू नका. मेणाच्या पेन्सिलीचे थर जाड झाले असतील तर काही दिवसांनी त्यांच्यावर पांढुरकी साय धरते. मेण वर येतं, रंग कुठेही गेलेला नसतो. मऊ सुती कापडाने अगदी हलकं पुसलं की ती जाते. नाव आणि मजकूर आतल्या कोऱ्या बाजूला लिहा, रंगवलेल्या भागावर शाई धरत नाही. पानावर बटर पेपरचा तुकडा ठेवून मगच कार्ड पाकिटात सरकवा, आणि परगावी पाठवायचं असेल तर टपालाला जाणारे दिवस धरून घटस्थापनेच्या आधीच रंगवायला बसा.