सकाळ कोणाची?



पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला रोज सकाळी चार-चार हाका मारून उठवावे, की त्याला एखादे दिवशी उशीर होऊ द्यावा? प्रश्न घरगुती दिसतो, परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्याचे काम आपण प्रेमापोटी करीत राहिलो, तर ते त्याच्यावर उपकार होतात की अन्याय? इथे आयर्लंडमध्ये इस्पितळात नोकरी करणाऱ्या कित्येक आयांना आठच्या पाळीसाठी सातलाच घर सोडावे लागते. मूल अंथरुणात असते आणि आई बसमधून फोन करीत असते. तिच्या दृष्टीने ही नुसती चर्चा नव्हे.

प्रथम मुलावरचा आळशीपणाचा आरोप तपासू. वयात येताना शरीरातले घड्याळ मागे पडते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, म्हणून डोळा उशिरा लागतो आणि सकाळी उघडत नाही. या वयाला ८ ते १० तास झोप हवी असते. म्हणूनच कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली कायदा केला आणि २०२२ पासून तेथील बहुतेक हायस्कुले साडेआठच्या आत भरत नाहीत. त्यात इथला अंधार. मुंबईत सूर्योदयाच्या वेळेत वर्षभरात तास-सव्वा तासाचाच फरक पडतो. डब्लिनमध्ये जूनमध्ये सूर्य पाचच्या आत उगवतो, तर डिसेंबरअखेर ८.४० च्या सुमारास. कोंकणात सूर्यच मुलांना उठवीत असे. इथे हिवाळ्यात शाळेची घंटा सूर्याच्या आगेमागे होते. तेव्हा "कुंभकर्ण" म्हणून हिणवणे सोडावे. पण अडचणीचे कारण कळले म्हणून जबाबदारी सरत नाही, हेही खरे.

मी शिक्षकी पेशात असताना उशिरा आलेल्या मुलाला विचारले, की बहुधा एकच उत्तर येई, "आईने उठवले नाही." मुलगा खोटे बोलत नसे. त्याच्या मनात सकाळ ही आईची होती, म्हणून चूकही आईचीच. रोजच्या हाकेने नुकसान होते ते हे.

मग स्वतः उठणे म्हणजे कोणाच्याही मदतीशिवाय उठणे काय? तसे तर मोठी माणसेही उठत नाहीत. मुंबईच्या गिरणगावात भोंगा होता. ब्रिटन-आयर्लंडच्या गिरण्यांच्या गावांतून नॉकर-अप नावाचा माणूस पहाटे लांब काठीने खिडकीवर टकटक करीत फिरे. त्याला आठवड्याचे पैसे झोपणारा कामगार स्वतः देई. यातच मर्म आहे. रात्रीच्या जाग्या माणसाने सकाळच्या झोपाळू माणसासाठी सोय करून ठेवलेली असे. मदत दुसऱ्याची, पण ती ठरविणारा तो स्वतः. याला मी स्वावलंबन म्हणतो. आपल्या घरांत हे नवे नाही. शब्बाथचे जेवण शुक्रवारीच शिजते, कारण ऐनवेळी चूल पेटवता येत नाही. सकाळची इच्छाशक्तीही तशीच ऐनवेळी पेटत नाही. तिची तयारी आदल्या रात्री करावी लागते.

म्हणून बोलणे करावे ते दिवसा, दोघेही शांत असताना. "तू कसा उठणार?" हे त्यालाच ठरवू द्यावे. गजर खाटेपासून दूर ठेवावा, फोन रात्री खोलीबाहेर असावा, हिवाळ्यात उठल्याबरोबर लख्ख दिवा लावावा, सुटीच्या दिवशीही तासाभराहून अधिक उशीर करू नये. आईची एक हाक हवी असेल तर ती त्याने मागावी. आईने एकच मारावी, दुसरी नाही.

कोणी म्हणेल, हे निर्दय आहे. मुलाची बस चुकताना पाहायची आणि गप्प बसायचे? गप्प बसावे, परंतु चुकीची किंमत थोडी असेल तेव्हाच. लीव्हिंग सर्टिफिकेटच्या परीक्षेच्या सकाळी धडा शिकवू नये. त्या दिवशी खुशाल हात धरून उठवावे. शिकायला योग्य काळ त्याआधीचा. इथे १९७४ पासून ट्रान्झिशन इयर आहे. त्या वर्षी मोठी सरकारी परीक्षा नसते आणि मुले काही दिवस कामाचा अनुभव घ्यायला जातात. तेथे एक-दोनदा उशीर झाला तर मान खाली जाईल, आयुष्य खाली जाणार नाही. अठराव्या वर्षी गॉलवेला किंवा कॉर्कला भाड्याच्या खोलीत एकट्याने हा धडा गिरवणे फार महाग पडते.

एक सावधगिरी. झोपलेल्याला उठवता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती आपण रागाने वापरतो. पण सोंग का घेतले हे विचारीत नाही. शाळेत कोणी छळत असेल, मन खिन्न असेल, तर गजर बदलून काय होणार? पुरेशी झोप होऊनही आठवडेच्या आठवडे जाग येत नसेल, किंवा मूल जोराने घोरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

तात्पर्य, लहानपणी हाक मारणे हे आईबापांचे कर्तव्य. पुढे ती हाक थोडी थोडी कमी करीत जाणे, हेही त्यांचेच कर्तव्य. दुसरे अधिक कठीण, कारण त्यात आपली गरज संपते. परंतु मुलाची सकाळ त्याच्या हाती देऊन आपण पाळीवर निश्चिंत जावे, यासारखा आनंद नाही.