दगडांवरील प्रेम आणि दिव्यावरील प्रेम

जुन्या दीपस्तंभाची डागडुजी निघाली की कथाकाराला तेथे हमखास एखादे बंद दालन सापडते आणि त्या दालनात कुणाचे तरी अपुरे प्रेम. अशा गूढरम्य कथा आम्हीही आवडीने वाचतो. परंतु पुस्तक मिटल्यावर प्रश्न उरतो: जुने जपताना आपण नेमके कशावर प्रेम करीत असतो?

फ्रान्समध्ये जिरोंदच्या मुखाशी, समुद्रात, कोर्दुआँचा दीपस्तंभ उभा आहे. लुई द फ्वा या स्थापत्यकाराने १५८४ मध्ये त्याचे काम हाती घेतले. ते १६११ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पुरे झाले. आत राजासाठी दालन आणि वर देखणे प्रार्थनामंदिर. पण दिवा दुरून दिसत नाही, ही खलाशांची तक्रार होती. १७८८-८९ मध्ये अभियंता जोसेफ त्यूलेर याने वरचा भाग उतरवून मनोरा उंच केला. राजदालन व प्रार्थनामंदिर मात्र राखले. १८२३ मध्ये फ्रेनेलच्या भिंगाचा दिवा प्रथम येथेच लागला.

लुईचे शिखर कायमचे गेले, ही हानी खरीच. तरीही त्यूलेरने जुन्याशी द्रोह केला, असे आम्हांस वाटत नाही. शिखर राखून त्याने दिवा मंदच ठेवला असता, तर आपल्या सौंदर्यासक्तीची किंमत अंधारातल्या अनोळखी खलाशाने मोजली असती. वारशाची निष्ठा हीच: पाया जपावा आणि ज्याच्यासाठी तो घातला गेला, त्याला विसरू नये.